खुलासा: औषधाला न जुमानणारे जंतूही शिजवल्यावर मरतात

‘पोल्ट्रीच्या चिकनमधले जंतू आता कितीही शिजवलं तरी मरत नाहीत, मीठ-हळदीच्या पाण्यात चार वेळा धुवा,’ असा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक, आणि दुसरी तर घातक.

अँटिबायोटिकला दाद न देणारा साल्मोनेला (चिकनमध्ये आढळणारा, पोट बिघडवणारा जंतू) उष्णतेने साध्या साल्मोनेलासारखाच मरतो. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला तापलं की पुरे. हाडापासून सुटेपर्यंत रश्श्यात रटरटलेलं चिकन त्याच्या पुढेच गेलेलं असतं.

धुताना मात्र शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. चिकन कापलेल्या सुरीनेच कांदा चिरला की जंतू जिवंतच पोटात जातात. मग आजार बळावला तर नेहमीचं औषध लागू पडत नाही. खरी भीती ही आहे, आणि लहान मुलं, म्हातारी माणसं यांना ती जास्त.

कोंबड्या झटपट वाढाव्यात म्हणून खाद्यातून अँटिबायोटिक देणं हे जंतू औषधाला दाद देईनासे होण्यामागचं एक मोठं कारण. कोलिस्टिन हे माणसांसाठी राखून ठेवायचं अखेरचं औषध. पोल्ट्रीत आणि पशुखाद्यात ते वापरायला केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

चिकन न धुता थेट पातेल्यात घाला. सुरी, पाट आणि हात साबणाने धुवा.