आवृत्ती सापडली नाही

संगणकाच्या कोपऱ्यात ‘सुधारणा उपलब्ध आहेत’ अशी पाटी झळकली की निमूटपणे ‘नंतर’ हे बटण दाबायचे, हा नेम मी दोन वर्षे सोवळ्यासारखा पाळला होता. त्या रविवारी दुपारी मात्र पुरणपोळीची सुस्ती अंगावर होती आणि त्या भरात मी ‘हो’ म्हणून बसलो. दीड तासाने उबुंटू या माझ्या संगणकाच्या मूळ यंत्रणेची २२.०४ ही आवृत्ती जाऊन २४.०४ आली. पडद्यामागचे चित्र बदलले, अक्षरे जरा गोलसर झाली, आणि आपण उगाच घाबरत होतो असे मला चक्क वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला हिमोग्लोबिन शिकवायचे होते. रेणूंची त्रिमितीय रचना दाखवणारा एक प्रोग्राम मी त्यासाठी वापरतो. चार साखळ्या चार रंगांत, प्रत्येकीच्या कुशीत हीम नावाचा एक छोटा रेणू आणि त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. तो सारा डोलारा वर्गासमोर गरगर फिरला की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा मोबाइल खाली ठेवतात. रात्री आठला रंगीत तालीम म्हणून टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, प्रोग्रामचे नाव टाइप करून एंटर दाबले. रेणू आला नाही. एक लांबलचक ओळ आली आणि तिच्या शेपटाशी ‘जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.३२ ही आवृत्ती सापडली नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर होता.

यानंतरचे दोन तास मी जे केले त्याला शास्त्रीय पद्धत म्हणता येणार नाही. प्रोग्राम काढून पुन्हा बसवला, तोही तीनदा, आणि तिन्ही वेळा संगणकाने कोणतीही कुरकुर न करता सगळे बिनचूक बसल्याचे कळवले. बसलेला प्रोग्राम उठत मात्र नव्हता. ‘अहो, एकदा बंद करून चालू करून बघा ना,’ असे बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, तेव्हा हा इतका साधा प्रश्न नाही हे मी तिला सविस्तर समजावले आणि ती झोपायला गेल्यावर गुपचूप बंद करून चालू केले. इंटरनेटवर एका परोपकारी गृहस्थाने संपूर्ण यंत्रणेची एक फाइल बाहेरून आणून बदलण्याचा उपाय सुचवला होता. तो करण्याच्या बेतात मी होतो. हात थांबला तो शहाणपणामुळे नव्हे, पासवर्ड दोनदा चुकल्यामुळे.

वैतागून मी हिमोग्लोबिनची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. ती निमूट उघडली. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातली ही ‘४एचएचबी’ नावाची रचना १९८४ साली जमा झालेली आहे आणि तिच्या प्रत्येक ओळीत ८० रकाने असतात, कारण हा साचा ठरला तेव्हा पंचकार्ड ८० रकान्यांचे होते. कार्डे केव्हाच रद्दीत गेली, पण एकेका अणूचे नाव, क्रमांक आणि तीन निर्देशांक आजही त्याच शिस्तीत उभे आहेत. चाळीस वर्षांपूर्वीची ती रचना कोणालाही वाचता येत होती. कालपर्यंत ठणठणीत असलेला प्रोग्राम मात्र दाराशी पाय मुडपून बसला होता.

शेवटी रात्री साडेदहाला एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला.

‘सर, ओळ वाचून दाखवता?’

मी शेपूट वाचून दाखवले.

‘नाही सर, सुरुवातीपासून वाचा.’

‘प्रश्न पूर्ण वाचा, मग लिहायला घ्या’ हे वाक्य परीक्षागृहात वीस वर्षे ऐकवणाऱ्या माणसाने ती ओळ पहिल्यांदाच सुरुवातीपासून वाचली. सुरुवातीला एका फाइलचा संपूर्ण पत्ता होता, आणि तो पत्ता यंत्रणेतला नव्हता. तो माझ्याच घरचा, म्हणजे माझ्याच होम फोल्डरमधल्या कुठल्याशा जुन्या प्रोग्रामच्या फोल्डरचा होता.

मग त्याने उलगडा केला. सी++ या संगणकभाषेत लिहिलेल्या प्रोग्रामांना लागणाऱ्या या सामायिक फाइलच्या नावात २००४ पासून शेवटी ६ हाच आकडा आहे. आतला ऐवज वाढत जातो, नाव तेच राहते. नवा किती आहे ते आतल्या ३.४.३२ सारख्या खुणांवरून ओळखायचे. म्हणजे एकाच गल्लीत दोन कुलकर्णी, आणि पोस्टमन पहिल्या घरात पत्र टाकून मोकळा. यंत्रणेकडे नवे कुलकर्णी हजर होते, पण कोणीतरी पोस्टमनला आधी जुन्यांचे दार दाखवून ठेवले होते.

‘सर, तुम्ही काही बदललं होतं का?’

‘छे रे! मी कशाला हात लावतोय?’

‘बॅशआरसी फाइल उघडता का जरा?’

उघडली. टर्मिनल सुरू होताना संगणक वाचतो त्या सूचनांची ही फाइल. अगदी तळाशी, सामायिक फाइली आधी कुठे शोधायच्या ते सांगणारी एलडी_लायब्ररी_पाथ या नावाची एक ओळ होती, आणि तिच्या वर, टिपणाची हॅशची खूण लावून, लिहिले होते: ‘तात्पुरते. काम झाल्यावर काढणे. मार्च २०२१.’ टिपण मराठीत होते. त्या संगणकावर मराठी लिहिणारा माणूस एकच आहे.

‘काय दिसतंय, सर?’

‘काही नाही, बघतो मी,’ असे म्हणून फोन ठेवला. संगणकाने ती ओळ वाचू नये म्हणून तिच्यापुढे हॅश लावला, टर्मिनल बंद करून नवे उघडले, आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी चार रंगांचे हिमोग्लोबिन पडद्यावर गरगर फिरू लागले. ओळ कायमची पुसण्याचा धीर मात्र झाला नाही. पुढेमागे लागली तर असू द्यावी, म्हणून तिच्याखाली आजची तारीख टाकून लिहिले: ‘तात्पुरती बंद.’