सीआरआय ८० म्हणजे ८० टक्के खरे रंग नव्हेत

व्हॉट्सअॅपवर एक सल्ला फिरतोय: ‘पिवळा बल्ब रंग फसवतो, म्हणून ६५०० केल्विनचा पांढराच घ्या. खोक्यावर सीआरआय ८० असेल तर ८० टक्के रंग खरे दिसतात. मग काळजी नको.’ सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग कितपत खरे दिसतात याचे गुण. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण यातलं एकही विधान टिकत नाही.

‘पिवळा बल्ब रंग फसवतो.’ केल्विनवरून उजेडाची छटा कळते, रंग कसे दिसतील ते नाही. जुना तारेचा बल्ब २७०० केल्विनच्या आसपासचा, चांगला पिवळा. तरी त्याचा सीआरआय जवळपास १००, कारण त्याच्या उजेडात जांभळ्यापासून लालपर्यंतचा पट्टा कुठे तुटत नाही. निळा भाग कमी असतो, त्यामुळे गडद निळा आणि काळा वेगळे ओळखायला त्रास होतो, हे मान्य. पण ७० सीआरआयच्या पांढऱ्या बल्बपेक्षा ९५चा पिवळा केव्हाही बरा.

‘८० टक्के रंग खरे.’ ही टक्केवारीच नाही. ठरावीक ८ नमुने आधी आदर्श उजेडात आणि मग त्या दिव्याखाली किती वेगळे दिसतात ते मोजतात. या फरकाला ४.६ ने गुणून १०० मधून वजा करतात आणि आठांची सरासरी काढतात. ४.६ का? ही पद्धत ठरली त्या काळच्या एका वॉर्म व्हाइट (पिवळसर पांढऱ्या) ट्यूबलाइटला ५०च्या आसपास गुण मिळावेत म्हणून! कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा आकडा तर शून्याच्याही खाली जातो. उणे टक्के रंग म्हणजे काय?

‘मग काळजी नको.’ खरी काळजी इथेच आहे. ते आठही नमुने फिकट आहेत. गडद लाल नववा, त्याच्या गुणांना आर-९ म्हणतात, आणि ते सरासरीत धरतच नाहीत. आपला एलईडी म्हणजे निळी चिप आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळा उजेड शोषून पिवळा देणारा लेप. त्यात गडद लाल तुटपुंजा. त्यामुळे सीआरआय ८० असूनही आर-९ शून्याजवळ असू शकतो. कुंकू, टोमॅटो, डाळिंब, पैठणीचा लाल काठ, माणसाच्या कातडीची लाली, सगळं विटकं दिसतं. मॅचिंग सेंटरमध्ये साडीशी तंतोतंत जुळलेला ब्लाउजपीस बाहेर उन्हात वेगळाच निघतो तोही असाच: दोन रंगद्रव्यं एका उजेडात सारखी दिसतात, दुसऱ्यात नाहीत. बायका साडी दाराशी नेऊन बघतात, ते अगदी शास्त्रशुद्ध आहे.

उत्पादक लाल का कापतात? गडद लाल उजेड डोळ्याला मंद दिसतो, म्हणजे तेवढ्याच विजेत ल्युमेन, म्हणजे डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचं माप, कमी भरतं. ऊर्जाबचतीचे तारे वॅटमागच्या ल्युमेनवर मिळतात, रंगांवर नाही. ग्राहकाला तारे दिसतात, लाल गेलेला दिसत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

२०१५ पासून रंग तपासण्याची ९९ नमुन्यांची टीएम-३० ही पद्धत आहे आणि २०१७ मध्ये प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगानेही ९९ नमुन्यांचा निर्देशांक काढला. खोक्यावर तो येईल तेव्हा येवो. सीआरआयशेजारी आर-९ छापायला आजही काही अडचण नाही. दुकानदाराला तो आकडा विचारा, ५०च्या वर असेल तर घ्या. आकडा सांगता येत नसेल तर भर दुपारी खिडकीशी आपला तळहात बघा, मग लगेच त्या बल्बखाली धरा. लाली गेली, तर तो बल्ब परत ठेवा.