माझी सही मिळणार नाही!

सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर नुसता धुमाकूळ चाललाय. म्हणे पोरांच्या गेमिंगवर चीनसारखा कायदा आणा, सरकारला पत्र देऊ, सगळ्यांनी सह्या करा. अरे काय हे! नेरूळमधले शिकलेसवरलेले लोक तुम्ही, स्वतःच्या पोराच्या हातातला मोबाइल काढून घ्यायला दिल्लीहून माणूस मागवताय?

चीनने केलाच ना २०२१ मध्ये नियम, १८ खालच्यांनी शुक्रवार-शनिवार-रविवार आणि सुट्टीलाच खेळायचं, तेही रात्री ८ ते ९. मग तिथली पोरं आजी-आजोबांच्या अकाउंटवरून खेळायला लागली. मला तर हसूच आलं, कारण सेम आमच्या घरात झालंय. बीजीएमआयमध्ये (पबजीचा भारतातला अवतार, तो विमानातून उडी मारून गोळीबार करायचा मोबाइल गेम) १८ खालच्यांना दिवसाला ३ तासच मिळतात, तर आमच्या धाकट्याने सासऱ्यांच्या फोनवर त्यांचंच जन्मसाल टाकलं, १९५१! म्हणजे गेमच्या हिशेबाने गुडघ्याला पट्टा लावलेले आजोबा विमानातून उड्या मारतायत. आणि सासरे म्हणतात, "असू दे गं, मीच दिलाय फोन." घ्या! कुठला कायदा पकडणार आजोबांना?

दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ खालच्यांना रात्री १२ ते सकाळी ६ बंदी घातली, त्यात मोबाइल गेम धरलेच नव्हते, शेवटी दहा वर्षांनी गुंडाळला कायदा.

पैसे लावायचे गेम आपल्या सरकारने २०२५ मध्ये बंद केले ते बरं केलं, मान्य. पण तो जुगार होता, त्याचा इथे काय संबंध?

आणि ज्या कमिटीने पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या मोकळ्या जागेत) बॉल न्यायला बंदी केली तीच आज सह्या मागतेय, कमाल आहे.

असो. दोघंही नोकरीवर, हार्बरला लटकत घरी यायला साडेआठ, तेव्हा पोरगं गप्प बसून खेळतंय तर कुकर तरी लागतो, हे मला कळत नाही असं नाही. सासऱ्यांनाही नातू शेजारी बसतो तेवढीच सोबत. म्हणून त्यांच्याशी वाद घातला नाही, धाकट्याला सांगितलं की चालू मॅच संपव आणि फोन आजोबांच्या उशाशी ठेव. (मॅचमध्येच हिसकावला तर महाभारत होतं, करून बघा.) कधी ठेवतो, कधी मला ओरडावं लागतं. रोजची कटकट आहे, पण ती आपलीच आहे ना, ती करायला मंत्रालयातून कोण येणार?

आणि "तुमचा एकच आहे म्हणून बोलता" असं कमेंटमध्ये लिहू नका. दोन आहेत. मोठा तर धाकट्याच्या वरताण आहे.