जिप्सी किंगच्या ईसीयू किटवर आलेल्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुमचं म्हणणं असं: कार्बोरेटरवाल्या मारुती जिप्सी किंगला आमचं प्रोग्रॅमेबल ईसीयू (पेट्रोल आणि स्पार्क सांभाळणारा कॉम्प्युटर) किट तुम्ही घरीच बसवलंत, गाडी चालू होते पण स्लो (आयडलिंग) धरत नाही, ३००० आरपीएमच्या वर मिसिंग करते, आम्ही दिलेला मॅप (कधी किती पेट्रोल आणि स्पार्क द्यायचा याचं टेबल) चुकीचा आहे, फायनल मॅप मागितला तर मिळत नाही, आणि फोन केला की "लॉग पाठवा, फोटो पाठवा" एवढंच ऐकायला मिळतं. एवढा खर्च आणि मेहनत करून गाडी शेडमध्ये उभी राहिली की राग येणारच. पण तुम्ही पाठवलेले लॉग (ईसीयूने नोंदवलेले आकडे) आणि फोटो आम्ही बारकाईने बघितले आहेत, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

सगळ्यात आधी एक विनंती. आज गाडी चालू करू नका. फोटोत पेट्रोलचा जुना कार्बोरेटरचाच पाइप आणि साधे क्लिप दिसतात. कार्बोरेटरच्या मेकॅनिकल पंपाचा दाब जेमतेम पाव-एक बार असतो, इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या रेलमध्ये तो ३ बार असतो. हा पाइप गरम एक्झॉस्टशेजारी फुटला तर गाडी पेटेल. इंजेक्शनसाठीचाच पाइप आणि त्याचेच क्लॅम्प लावा, बाकी सगळं नंतर.

आता स्लो. तुमचे ४४० सीसीचे (मिनिटाला ४४० सीसी पेट्रोल सोडणारे) इंजेक्टर आमच्या किटमधले नाहीत, तुम्ही वेगळे घेतले आहेत. १२९८ सीसीचं हे इंजिन कार्बोरेटरवर साधारण ६० बीएचपी देतं. इंजेक्शनवर ८० मिळतील असं धरलं, तरी चार इंजेक्टर ८० टक्के ड्यूटीवर (म्हणजे ८० टक्के वेळ उघडे ठेवून) चालवून प्रत्येकी मिनिटाला १३०-१३५ सीसी पुरतात. म्हणूनच आम्ही १६० ते २०० सीसीचे सुचवतो. मोठा इंजेक्टर म्हणजे जास्त ताकद, हा समज फार पसरला आहे आणि त्याने कितीतरी चांगली कामं अडकतात. तुमच्याकडे कॅम सेन्सर (कोणत्या सिलिंडरची पाळी आहे ते सांगणारा) नाही, त्यामुळे प्रत्येक इंजेक्टर एका सायकलमध्ये दोनदा फवारा मारतो. स्लोला ४४० सीसीच्या इंजेक्टरला दर फवाऱ्याला अर्धा-पाऊण मिलिसेकंदच पेट्रोल सोडायचं असतं, आणि नुसतं उघडायलाच त्याला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. हेडलाइट लावली किंवा फॅन फिरला की व्होल्टेज पडतं, उघडायचा वेळ बदलतो आणि मिक्स्चर लगेच बिघडतं. टेबलमधले आकडे रात्रभर बदलत बसलात तरी हे सुटणार नाही. १६० सीसीला तोच फवारा दीड मिलिसेकंदाच्या वर जातो, मग ट्यूनिंगला हाताशी काहीतरी उरतं.

मिसिंगचं कारण वेगळं आहे. लॉगमध्ये ३००० च्या पुढे दर वेळी सिंक लॉसचा आकडा चढतो. म्हणजे क्रँक नेमका कुठे आहे हे त्या क्षणी ईसीयूला कळत नाही. क्रँकबरोबर फिरणाऱ्या ३६-१ च्या दातेरी चक्रावर दर १० अंशांना एक दात आणि एका दाताची जागा रिकामी, त्या रिकाम्या जागेवरून ईसीयू क्रँकची स्थिती ओळखतो. तुमच्या व्हिडिओत चक्र डोळ्यांना दिसेल इतकं डगमगतंय, म्हणजे सेन्सरचं अंतर प्रत्येक फेऱ्यात कमी-जास्त होतंय. शिवाय सेन्सरची वायर शील्डशिवाय थेट प्लगच्या वायरींबरोबर बांधली आहे. चक्र लेथवर सेंटर करून घ्या, अंतर १ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, शील्डेड वायर दुसऱ्या बाजूने न्या आणि शील्ड फक्त ईसीयूकडच्या टोकालाच अर्थिंग करा. मग सॉफ्टवेअरमध्ये स्पार्कचं टाइमिंग १० अंशांवर लॉक करून टाइमिंग लाइट मारा. रेस वाढवल्यावर पुलीवरची खूण सरकत गेली, तर सेन्सरच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत असं समजा.

फायनल मॅपबद्दल आमचं मत बदलणार नाही. किटबरोबरचा मॅप इंजिन चालू करण्यापुरता असतो, हे त्या फाइलच्या नावातच लिहिलं आहे. तुमचं मॅनिफोल्ड, तुमचे इंजेक्टर, तुमचं कॉम्प्रेशन न बघता फुल लोडचे आकडे ईमेलने पाठवायचे, आणि चढावर मिक्स्चर लीन होऊन (पेट्रोल कमी पडून) पिस्टन वितळला तर? तुम्ही लावलेला एका वायरचा जुना ऑक्सिजन सेन्सर फक्त रिच (पेट्रोल जास्त) की लीन एवढंच सांगतो, किती ते नाही. त्यासाठी नेमकं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर हवाच, बॉशचा एलएसयू ४.९ पुरेसा आहे. आणि १४.७ च्या (एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा) मागे लागू नका. तो शुद्ध पेट्रोलचा आकडा, ई२० ला (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला) तो साडेतेराच्या जवळ येतो. लॅम्डावर (त्या-त्या इंधनाच्या आदर्श प्रमाणाशी तुलना करणाऱ्या आकड्यावर) ट्यून करा, म्हणजे पंपावर काय मिळालं याची चिंता राहत नाही.

"यापेक्षा कार्बोरेटर बरा होता" असं तुम्ही लिहिलं आहे. रोजच्या कामाची एकच गाडी असेल तर कार्बोरेटर ओव्हरहॉल करा, असं आम्ही दुकानात आलेल्यांना स्वतःहून सांगतो. पण तुम्ही घाटातल्या कच्च्या वाटांवर जाता. तिरक्या चढावर फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि नेमक्या वाईट जागी गाडी बंद पडते, ही तुमचीच तक्रार होती. तिच्यावर इंजेक्शन हाच खरा उपाय आहे आणि तुमची जिप्सी तिथवर पोचावी असं आम्हाला मनापासून वाटतं. फक्त सगळं एकदम करू नका. डेल्को (डिस्ट्रिब्युटर) परत बसवा, इग्निशन जुन्याच पद्धतीने चालू द्या, आरपीएमचा सिग्नल तिथून घ्या आणि आधी फक्त पेट्रोल ईसीयूकडे सोपवा. गाडी गार-गरम दोन्ही वेळा नीट चालली की मग स्पार्क. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर बिघाड कुठे आहे ते सापडतं.

ईसीयूवरच संशय असेल तर तो काढून घेऊन या. सिम्युलेटरवर लावून तुमच्यासमोर ३६-१ चा सिग्नल ६००० आरपीएमपर्यंत चालवू. एकदाही सिंक सुटला तर त्याच दिवशी नवा देऊ, तपासणीचे पैसे नाहीत. इंजेक्टरही आणा, चारही सारखेच पेट्रोल सोडतात का तेही बघून घेऊ. येताना लॅपटॉपमध्ये तुमची ट्यूनची फाइल असू द्या. सोमवारी दुकान बंद असतं.