आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: डेटाबेस ‘साफ’ करणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सराफ, डाळमिलवाले, केळी वेफर्सवाले, कोणालाच सोडलेलं नाही. मजकूर थोडक्यात असा: वर्डप्रेसची (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) वेबसाइट हळू चालते कारण डेटाबेसमध्ये, म्हणजे तिच्या माहितीच्या साठ्यात, कचरा साचतो. साफसफाईचं प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) टाका आणि दिसतील त्या सगळ्या चौकटींवर टिक करा. वर्डप्रेसला फक्त 12 टेबलं (डेटाबेसमधले माहितीचे तक्ते) लागतात, बाकीची उडवा. ‘ओव्हरहेड’ (टेबलांतली मोकळी जागा) शून्य होईपर्यंत रोज ऑप्टिमाइझ करा. प्लगिन सुरक्षित असतं, बॅकअपची गरज नाही. साइट दहापट पळेल आणि गुगल तुम्हाला वर आणेल.

असले मेसेज मी वाचून सोडून देतो. पण हा अमळनेरला माझ्या मावसबहिणीपर्यंत पोचला. ताई ज्वारीचे बिबडे, नागलीचे पापड, कुरडया असलं वाळवण ऑनलाइन विकते. तिचा फोन आला, “भाऊ, सारं साफ करी टाकं. आते व्हई जाई ना फास्ट?” म्हणजे सगळं साफ करून झालं होतं. आवाजात केवढा उत्साह! म्हणून हे लिहितोय, आणि चिडूनच लिहितोय.

सगळ्यात घातक मुद्दा 12 टेबलांचा, कारण तो अर्धा खरा आहे. कोरं वर्डप्रेस बसवलं की 12 टेबलं तयार होतात, बरोबर. पण कोऱ्या वर्डप्रेसवर दुकान चालतं का? वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगिन टाकलं की ते स्वतःची टेबलं बनवतं. कोणत्या ऑर्डरमध्ये कोणता माल, किती नग, हे सगळं त्यातल्या दोन टेबलांत असतं. ती उडवली तर जुन्या दुकानांत ऑर्डर यादीत दिसेल, पण तिच्यात काय मागवलं होतं ते गायब. आणि 2023 च्या ऑक्टोबरात आलेल्या 8.2 आवृत्तीपासून नव्या दुकानांच्या ऑर्डरीच मुळात वेगळ्या टेबलांत जातात, म्हणजे तिथे अख्खी ऑर्डरच गेली. ज्याने हा मेसेज लिहिला त्याने आयुष्यात एक दुकान चालवलं नसावं.

आता ‘अनाथ’ किंवा ‘न वापरलेली’ टेबलं. प्लगिन हे कसं ठरवतं? बहुतेक वेळा नावावरून. टेबलाचं नाव अमुक प्लगिनसारखं आहे, ते प्लगिन सध्या चालू नाही, म्हणजे टेबल बिनकामाचं, असा त्याचा अंदाज. पण प्लगिन बंद असणं वेगळं आणि त्यातली माहिती नको असणं वेगळं. ताईचंच बघा. पावसाळा लागला की वाळवण बंद, म्हणून घाऊक चौकशीच्या फॉर्मचं प्लगिन ती बंद करून ठेवते आणि हंगामाआधी पुन्हा चालू करते. त्या फॉर्मच्या टेबलात सुरतेतल्या, उधना-लिंबायतकडच्या आपल्या खान्देशी मंडळींची नावं-नंबर होते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी ती त्यांना एकेक करून फोन लावते, तिची निम्मी घाऊक विक्री त्यावर उभी. साफसफाईच्या पडद्यावर त्याच टेबलापुढे लाल अक्षरात ‘वापरात नाही’ लिहिलेलं होतं आणि शेजारी चौकट. मेसेजमध्ये सांगितलं होतं सगळ्यावर टिक करा. तिने केलं. तिचा दोष तरी काय?

बॅकअपची गरज नाही म्हणणाऱ्याला तर समोर बसवून विचारावंसं वाटतं. मायएसक्यूएलमध्ये, म्हणजे वर्डप्रेसचा डेटाबेस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टेबल उडवण्याची आज्ञा चालली की ती तिथल्या तिथे पक्की होते, केलेला बदल मागे घेण्याची सोय त्या आज्ञेला लागूच नाही. वर्डप्रेसमध्ये लेख डिलीट केला तर तो 30 दिवस कचरापेटीत राहतो. टेबलाला कचरापेटी नाही. मग ‘प्लगिन सुरक्षित असतं’ या वाक्याचा अर्थ काय, तर प्लगिन तुम्ही सांगाल ते न अडखळता करतं. ताईच्या स्वस्तातल्या होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) प्लॅनमध्ये बॅकअप नव्हता. तो असतो असं गृहीत धरून अनेकजण चालतात, म्हणून आधी आपला प्लॅन उघडून बघा.

रोज ऑप्टिमाइझ करण्याच्या सल्ल्याचं मूळ जुनं आहे. एकेकाळी मायएसक्यूएलमध्ये मायआयसॅम नावाच्या प्रकारची टेबलं असायची. त्यात नोंदी पुसल्या की मधे भोकं राहायची आणि ऑप्टिमाइझ केल्याने ती बुजायची. 2010 अखेरच्या 5.5 आवृत्तीपासून मूळ प्रकार बदलून इनोडीबी झाला. त्याबद्दल मायएसक्यूएलची स्वतःची मार्गदर्शिकाच सांगते की इनोडीबीला जुन्या प्रकारांसारखा तुकडेपणाचा त्रास होत नाही, थोडा तुकडेपणा अपेक्षितच असतो, आणि पानं (वेबसाइटची नव्हे, टेबलातले साठवणीचे कप्पे) मुद्दाम 93 टक्केच भरली जातात, म्हणजे पुढच्या बदलांना जागा राहते. तुम्ही ऑप्टिमाइझ दाबलं की सर्व्हर उत्तर देतो: या टेबलाला ऑप्टिमाइझ लागू नाही, त्याऐवजी टेबल नव्याने बांधतो. नव्याने बांधताना तेवढीच जागा तात्पुरती वर लागते. शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेक साइट) जागा काठोकाठ भरलेली असेल तर हे काम अर्ध्यात फसू शकतं. आणि तो ‘ओव्हरहेड’चा आकडा? राखीव मोकळी जागाही त्यात मोजली जाते, त्यामुळे तो सगळ्या टेबलांत शून्यावर येणारच नाही. शून्य करायला रोज बसणारा माणूस रोज तेच मडकं पालथं घालून पाणी भरतोय. एखाद्या टेबलातून खरंच लाखो नोंदी काढल्या असतील तर एकदा बांधणी करा, हरकत नाही. रोज कशाला?

कचऱ्यामुळे साइट हळू होते, या मुद्द्यावर मला थोडं नमतं घ्यावं लागेल. थोडंच. लेखाच्या जुन्या आवृत्त्या, म्हणजे रिव्हिजन, वर्डप्रेस मूळ सेटिंगमध्ये अमर्याद साठवतं. एखाद्या लेखाचा किंवा पानाचा मजकूर सतत बदलत असाल तर त्याच्या शेकडो प्रती साचतील आणि बॅकअपची फाइल फुगेल. पण ग्राहकाला पान दाखवताना वर्डप्रेस नोंदीचा प्रकार आणि स्थिती बघून इंडेक्समधून (सूचीतून) नेमक्या नोंदी उचलतं, रिव्हिजन त्याच्या वाटेत फारशा येत नाहीत. वर्डप्रेसच्या सेटिंगच्या डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये मर्यादेची एक ओळ घाला, पाच ठेवा, विषय संपला.

मुदत संपलेले ट्रान्झियंट, म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या नोंदी, 2017 च्या 4.9 आवृत्तीपासून वर्डप्रेस रोज स्वतःच काढतं. अर्धवट टाकलेले आपोआप-मसुदे सात दिवसांनी जातात. म्हणजे प्लगिन जे काढून दाखवतं त्यातलं बरंचसं तसंही निघून जाणारच होतं, आणि ‘साफ केलं’ म्हणून मोठा आकडा दाखवायला मात्र ते छान दिसतं. मंजुरीला थांबलेल्या प्रतिक्रियांच्या चौकटीवर टिक करण्याआधी तर नक्की उघडून बघा, कारण वूकॉमर्समध्ये ग्राहकांचे अभिप्रायही तिथेच थांबलेले असतात.

खरा कचरा एके ठिकाणी असतो, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. काढून टाकलेली प्लगिनं ऑप्शन्स टेबलात आपली सेटिंग मागे ठेवून जातात, आणि त्यातली ‘ऑटोलोड’ खूण असलेली सेटिंग जवळपास प्रत्येक पान उघडताना मेमरीत चढतात. इथे साफसफाईचा फायदा दिसतो, कबूल. 2024 मध्ये आलेल्या 6.6 आवृत्तीपासून ‘साइट हेल्थ’ या वर्डप्रेसच्याच तपासणीच्या पानावर अशा सेटिंगची बेरीज 800 केबीच्या पुढे गेली तर वर्डप्रेस स्वतः इशारा देतं. तो इशारा असेल तर जाणकाराकडून एकेक नोंद तपासून घ्या, आधी ऑटोलोड बंद करून बघा आणि मगच पुसा. ‘सगळ्यावर टिक’ची पद्धत इथे सर्वात धोक्याची.

दहापट वेगाबद्दल काय बोलायचं! ताईच्या साइटवर बिबड्यांचे फोटो थेट मोबाइलमधून चढवलेले आहेत, एकेक फोटो पाच-पाच एमबीचा. डेटाबेसमध्ये फोटो नसतातच, त्यांचा फक्त पत्ता असतो. फोटो फोल्डरमध्ये पडलेले. डेटाबेस घासूनपुसून चकचकीत केला तरी पारोळ्याच्या बसमध्ये बसून साइट उघडणाऱ्याला ते पाच एमबी उतरवावेच लागणार. फोटो लहान करा, पेज कॅशे (तयार पानाची साठवलेली प्रत) लावा. कॅशे लागलं की बहुतेक पानांना डेटाबेसला विचारावंच लागत नाही.

गुगलचंही तेच. 2018 च्या जुलैपासून मोबाइलवरचा वेग क्रमवारीत थोडाफार धरला जातो, पण तो ग्राहकापर्यंत पान किती लवकर पोचतं याचा. तुमच्या टेबलांत किती नोंदी आहेत हे गुगलला दिसत नाही, आणि त्याला घेणंदेणंही नाही.

ज्यांनी मेसेज वाचून आधीच टिक करून टाकलंय, त्यांनी आज होस्टिंगवाल्याला फोन करून जुना बॅकअप आहे का विचारा, उद्या नको. ठराविक दिवसांनी जुन्या प्रती पुसल्या जातात. मिळाला तर अख्खी साइट मागे नेऊ नका, मधल्या दिवसांच्या नव्या ऑर्डरी जातील. गेलेलं टेबल तेवढं परत टाकून घ्या. आणि प्लगिनमध्ये ‘दररोज आपोआप’ चालू केलं असेल तर फोन लावायच्या आधी ते बंद करा.