मृत साठा

काल दुपारी सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात, सहा-सात माणसांसमोर, माझ्या डोक्याला कास पठार म्हणण्यात आलं. म्हणणारे गृहस्थ मला ओळखत नव्हते. त्यांचं त्या दुकानातलं काम म्हणजे आधार कार्डाची एक प्रत, दोन्ही बाजू, एकाच कागदावर.

काम अडलं होतं माझं. गावाकडच्या जमिनीच्या वाटणीचे कागद पुण्याच्या भावाला पाठवायचे होते. त्याचे वकील व्हॉट्सॲपवर काही घेत नाहीत, त्यांना मेलमध्ये लिंक लागते. दुकानातल्या पोराने सातबारे, फेरफार, आजोबांचं मृत्युपत्र अशी बेचाळीस पानं रंगीत आणि ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला सहाशे ठिपक्यांनी, स्कॅन केली होती. ३०० ला केली असती तर ठिपके एक चतुर्थांश झाले असते, फाइलही तशीच आटली असती. पण "तलाठ्याचा जांभळा शिक्का उठून दिसतोय की" असं त्याचं म्हणणं. फाइल झाली ३८० एमबीची. मेलला २५ एमबीच्या वर काही जोडता येत नाही, म्हणून गूगल ड्राइव्हवर चढवायला गेलो, तर लाल पट्टी. १५ जीबीपैकी १४.९७ वापरले. जागा शिल्लक नाही.

परक्या संगणकावर आपलं खातं उघडू नये, हे मला माहीत आहे. मी पासवर्ड टाकताना रांगेतल्या सगळ्यांनी सभ्यपणे रस्त्याकडे पाहिलंही होतं. लाल पट्टी दिसल्यावर मात्र सगळे परत वळले.

"भरलंय की ओ," मागून आवाज आला. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. हे शेवटचं त्यांनी पहिल्या मिनिटात सांगितलं. "पंधरा म्हणजे काय? टीएमसी?"

"जीबी."

"हं. कोयना एकशे पाच." हे ते अशा सुरात म्हणाले, की मला माझ्या पंधराची लाज वाटली. "आवक कुठनं हाय?"

"कसली आवक?"

"अहो, येतंय कुठनं एवढं?"

मी विचार केला. खरं सांगायचं तर बायकोच्या माहेरच्या ग्रुपवरून येतं. तिकडे कुणी पोवई नाक्यावर उसाचा रस प्यायलं तरी त्याचा व्हिडिओ येतो. तो फोनमध्ये उतरतो, फोनचा रात्री बॅकअप होतो आणि तोही याच पंधरात मोजला जातो. "साताऱ्याहून," मी म्हणालो.

"मग बरोबर हाय," काका रांगेकडे वळून म्हणाले, "साताऱ्याकडं पडला की सांगलीत चढणारच."

रांग हसली. सांगलीत पाण्याच्या पातळीवर विनोद करायचा परवाना प्रत्येकाकडे असतो. आयर्विन पुलाशी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. पुलाजवळच्या पाणी मोजायच्या पट्टीसारखी एखादी पट्टी गूगलवाल्यांनी खात्याला लावायला काय हरकत होती? तशी ती आहे म्हणा. सूचना येत होत्या, मीच त्या सहा महिने बोटाने बाजूला सारत होतो. पूर येण्याआधी "आपल्यापर्यंत येत नाही ओ" म्हणणाऱ्यांसारखा.

"विसर्ग सुरू कर," काकांनी पोराला हुकूम सोडला. आणि पोरानेही, खातं माझं असताना, माझ्याकडे न बघता माउस हातात घेतला. चार व्हिडिओ गेले. पट्टी हलली नाही.

"पातळी उतरंना की."

"कचरापेटीत गेलंय काका. तीस दिवस ऱ्हातंय तिथं. फोटो असला तर साठ."

"आणि ते मोजत्यात?"

"मोजत्यात."

काका पुढे सरकले. चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे सोडलेलं पाणी धरणातच? मग सोडलं कुठं? असला रिपोर्ट आमच्यात कुणी दिला असता तर घरी बसवला असता त्याला. उपस ती कचरापेटी आधी! आणि मृत साठा काढ."

मृत साठा म्हणजे धरणाच्या तळाचं पाणी, असं त्यांनी सगळ्यांना समजावलं. सगळ्यात खालच्या दरवाजाच्याही खाली असतं, आपसूक बाहेर येत नाही, पण एकूण साठ्यात धरावंच लागतं. एक बाई नुसता पासपोर्ट फोटो घ्यायला आल्या होत्या, त्याही पिशवी खाली ठेवून ऐकायला लागल्या.

माझा मृत साठा पडद्यावर वर-खाली व्हायला लागला. कुठल्याशा गणपतीतले एकाच मोदकाचे अकरा फोटो. लाइट बिलं. कुणाच्या तरी बारशाचा एक व्हिडिओ, त्यात बाळ नाहीच, नुसता पंखा. "हे कशाला ठेवलंय?" काका दर वेळी विचारत होते आणि मी दर वेळी काहीतरी पुटपुटत होतो.

कशाला ठेवलंय, ते त्यांना सांगता आलं असतं. २०१९ ला गावभागातल्या आमच्या घरात पाणी माळ्यापर्यंत गेलं. आईच्या लग्नाचा अल्बम उन्हात वाळवला तेव्हा पानं सुटी झाली, पण चेहरे पानांवर राहिलेच नाहीत. तेव्हापासून मी दिसेल ते वर चढवून ठेवतो. वर म्हणजे जिथे पाणी येत नाही तिथे. तेव्हा गूगलवाले फोटो हवे तेवढे ठेवा म्हणत होते, फक्त थोडे दाबून ठेवू म्हणाले. आम्ही ठेवले. मग १ जून २०२१ पासून नवा प्रत्येक फोटो मोजायला लागले. आता पैसे भरा, नाहीतर मोदक निवडत बसा. भाड्याची खोली भरून झाल्यावर भाडं सांगणारा मालक आमच्या गावभागात कुणी टिकू दिला नसता.

पण हे बोलायला वेळच मिळाला नाही. पडद्यावर तो फोटो आला होता. कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलंय, दर महिन्याला वरून, एकाच उजेडात, एक फोटो काढून ठेवायचा. मधोमध गुळगुळीत सपाटी, कडेकडेने खुरटी झुडपं.

"कास पठार ना हे?" काका म्हणाले. मग जरा निरखून, "फुलं न्हाईत पण. सीझन संपल्यावर गेलता काय?"

मी गप्प. पोराने फोटो मोठा केला. मग माझ्या डोक्याकडे पाहिलं. मग पुन्हा फोटोकडे. पिशवीवाल्या बाई खोकल्या. ते हसणं होतं, मला खोकला आणि हसणं कळतं.

"दर महिन्याला गेलाय की ओ," काका पुढचे फोटो बघत म्हणाले. "दरसाली उजाडच होत चाललंय पठार. पर्यटकांनी वाट लावली."

"माझ्या आयडीवरनं पाठवतो काका," पोरगा घाईने मला म्हणाला. त्याला दया आली असावी. त्याने फाइल स्वतःच्या खात्यात चढवली, लिंक काढली, भावाला गेली. लिंक दिली की जागा देणाऱ्याच्याच खात्यातली जाते, घेणाऱ्याची नाही. म्हणजे भावाच्या १५ जीबीला धक्काही नाही, आणि वाटणीतही तो मधलाच तुकडा मागतोय. ते असो. मी पानाला दहा रुपयांप्रमाणे चारशे वीस दिले आणि कुणाच्या डोळ्याला डोळा न देता बाहेर पडलो.

रात्री भावाचा फोन. "अरे, फाइल अस्तित्वातच नाही म्हणतंय."

दुकानातल्या पोराला फोन लावला. "माझं बी भरलं होतं ओ," तो म्हणाला. "संध्याकाळी डिलीट मारली."

"कचरापेटीत असेल ना?"

"न्हाई. काका म्हणलं न्हवं का, कचरापेटी उपसायची म्हणून. उपसली. या की उद्या, परत स्कॅन करू."

आज दुपारी जायचंय. ऊन फार आहे, टोपी घालून जाणार आहे.