‘दऱ्या’ उघडल्या तर ‘दर्या’ दिसतो!

दहा-पंधरा हजार रुपये मोजायचे आणि त्या ई-रीडरला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक कळू नये? एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ झालं की अर्थच पालटतो. कारण अगदी साधं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक संकेतांमध्ये, हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह लावून. फाइल एका स्वरूपातून दुसऱ्यात नेताना ते जोडचिन्ह गळलं की उरतो रफार. नाही गळलं तरी सुटका नाही, कारण ‘दुसऱ्या’ शोधला की एका तऱ्हेचे शब्द सापडतात, दुसऱ्या तऱ्हेचे राहतात. शोधण्याआधी दोन्ही रूपं एक करून घ्यायची, काही ओळींचा प्रोग्राम पुरतो. तेवढंही करत नाहीत!

ओळींमधलं अंतर हा वेगळाच छळ. रोमन लिपीला अक्षराच्या सव्वापट अंतर पुरतं, म्हणून तेच आपल्या माथी. ‘मूर्तींना’मध्ये वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर दाटीने बसतात, ‘उद्ध्वस्त’, ‘राष्ट्रकूट’ खाली उतरतात. निदान दीडपट अंतर हवं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात. त्यात दोन्ही कडा सरळ ठेवायचा हट्ट. सहा इंची स्क्रीनवर अक्षर मोठं केलं की ओळीत चार-पाच शब्द मावतात. ‘स्वातंत्र्यसैनिकांबद्दल’ खाली ढकलला गेला की मागच्या शब्दांत बोट जाईल एवढ्या फटी. मराठी शब्द ओळीअखेर कुठे तोडायचा याचे नियम टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामात कधीचे तयार आहेत, तेही फुकट. मराठी वर्णमालेबद्दलच्या 2009 च्या शासन निर्णयातला पाकळीचा ल आणि देठाचा श दिसणं तर दूरच. फाइलीत भाषा मराठी नोंदवली आणि फॉन्टात ती रूपं असली तरी यंत्र पुष्कळदा हिंदीचीच काढतं.

सगळ्यात जास्त चीड येते ती शब्दकोशाची. ‘देवळासमोरच्या’वर बोट ठेवा: शब्द सापडला नाही. अरे, सापडेल कसा? कोशात ‘देऊळ’ आहे! आधी ‘च्या’ सोडवायचा, मग ‘समोर’, मग ‘देवळा’ या सामान्यरूपावरून मूळ शब्द गाठायचा. ‘घोड्यावरून’, ‘पाण्यात’, सगळ्यांची हीच गत. मराठी वाक्यात पुष्कळ नामं अशी प्रत्यय लावूनच येतात, म्हणजे मूळ रूप न शोधणारा कोश असून नसल्यासारखा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 ची. तो आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. कोश आहेत, व्याकरण शाळेत शिकवतात, मग अडतं कुठे?

आणि पीडीएफ! जुनी मराठी पुस्तकं बहुतेक स्कॅन करूनच मिळतात. डेमी आकाराचं पान 14 सेंटीमीटर रुंद, सहा इंची स्क्रीन जेमतेम 9. बारा पॉइंटचं अक्षर आठच्याही खाली जातं, अनुस्वार म्हणजे नुसता धूळकण. 7.8 इंची स्क्रीन 12 सेंटीमीटर रुंद असते. पानाचे समास कापले तर मजकूर मूळ आकारात बसतो. पण शिलाईमुळे डाव्या-उजव्या पानांचे समास वेगळे पडतात, म्हणून सम आणि विषम पानांची कापणी वेगळी ठरवता आली पाहिजे. कोरीडरसारखा मुक्त प्रोग्राम समास छान कापतो, मग यंत्राच्या मूळ प्रोग्रामात ते का नसावं? श्रीलिपीसारख्या युनिकोडआधीच्या जुन्या फॉन्टात जुळवलेल्या पीडीएफमध्ये तर डोळ्यांना मराठी दिसतं आणि कॉपी केलं की भलतीच चिन्हं. तिथे रूपांतर करणारा तक्ता यंत्रातच हवा.

घेण्याआधी ई-पुस्तकाची एक छोटी ईपब फाइल बनवा. त्यात ‘दऱ्या’ दोन्ही तऱ्हांनी लिहा, शिवाय ‘मूर्तींना’, ‘उद्ध्वस्त’, ‘ॲसिड’, ‘शाळा’, ‘देवळासमोरच्या’. दुकानातच उघडून दाखवायला सांगा. ‘ॲ’च्या जागी ठिपक्यांचं वर्तुळ आलं, किंवा ‘दऱ्या’ एकदाच सापडली, तर ते यंत्र तिथेच ठेवून या.